डिक्री हाती, पैसा दुसऱ्याच खाती

दावा जिंकलेल्या माणसाची खरी परवड डिक्री हातात पडल्यावर सुरू होते, अशा अर्थाचे निरीक्षण प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्ये नोंदवले होते. पुढच्या दीडशे वर्षांत दिवाणी प्रक्रिया संहिता बदलली, तिच्यात दुरुस्त्या झाल्या, तरी रस्त्यासाठी जमीन दिलेला शेतकरी आजही वाढीव मोबदल्याच्या डिक्रीची अंमलबजावणी मागणारी दरखास्त घेऊन दिवाणी न्यायालयात तारखा मोजतो. अखेर बेलिफ सरकारी किंवा पालिकेच्या कचेरीत पोचतो, साहेबांची खुर्ची, संगणक, जीप जप्त होते आणि वर्तमानपत्रात ‘जप्तीची नामुष्की’ असा मथळा येतो. मग एक प्रश्न हमखास विचारला जातो: खुर्ची कशाला, थेट बँकेतले खातेच का गोठवत नाहीत?

कायद्याचे उत्तर नगरपालिकेपुरते बरेच स्पष्ट आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० जप्तीतून काय वगळायचे ते सांगते: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औजारे, बैल, बियाणे. या यादीत पालिकेचे बँक खाते नाही. राज्य सरकारविरुद्धच्या डिक्रीची अंमलबजावणी सुरू होण्याआधी तीन महिने थांबावे लागते. कलम ८२ मधली ती सवलतही पालिकेला लागू नाही. १९७६ च्या दुरुस्तीने तर ऋणकोचे पैसे ज्याच्याकडे आहेत, त्यालाच नोटीस काढून ते न्यायालयात भरायला लावण्याची रीतसर तरतूद केली. बँकेलाही ती लागू होते.

‘तिजोरीत पैसा नाही’ ही सबबही जुनी. रतलाम नगरपालिकेने गटारांच्या बाबतीत ती पुढे केली, तेव्हा १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या पीठाने ती धुडकावली. तो खटला डिक्रीचा नव्हता, पण कायदेशीर कर्तव्य टाळायला आर्थिक तंगी हे कारण चालत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

थकबाकी महागही झाली: १९८४ मध्ये भूसंपादन कायदा दुरुस्त झाला. दिलासा रकमेचे प्रमाण १५ वरून ३० टक्के झाले. वाढीव मोबदल्यावर पहिल्या वर्षी ९ आणि त्यानंतर १५ टक्के व्याज ठरले. म्हणजे १ लाखाची वाढीव रक्कम अकरा वर्षे थकली, तर व्याजच १ लाख ५९ हजार होते. अपिलात काढलेले प्रत्येक वर्ष गावाच्याच माथी बसते.

दरम्यान पालिकेच्या पैशाचा ओघ बदलला. जकात होती तोवर नाक्यावर रोजची रोकड जमत होती. १९९९ मध्ये महाराष्ट्रातल्या नगरपालिकांची जकात गेली, २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांचा स्थानिक संस्था कर गेला आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर मुंबईची जकातही संपली. उत्पन्नाचा मोठा भाग अनुदान आणि भरपाईच्या रूपाने वरून येऊ लागला. २०२१ मध्ये प्रत्येक केंद्रपुरस्कृत योजनेचा निधी राज्य पातळीवरच्या एकाच खात्यात ठेवण्याची पद्धत आली. खालच्या यंत्रणेच्या खात्यावर अनेकदा शून्य शिल्लक दिसते.

जप्तीची खरी अडचण इथे आहे. जो पैसा ऋणकोला स्वतःसाठी वापरता येतो, तोच जप्त होऊ शकतो. पाणी योजनेसाठी आलेले अनुदान आपले नाही, ते ठरलेल्या कामाचे आहे, असे पालिका सांगते आणि अनेकदा ते खरेही असते. सफाई कामगारांचा पगार आणि पाणीपुरवठ्याच्या पंपांचे वीजबिल ज्यातून भागते, ते खाते गोठले तर शिक्षा निर्दोष नागरिकांना होते. न्यायालये हात आखडता घेतात, त्यामागे हे भान आहे. म्हणूनच कोणते खाते घरपट्टीचे आणि कोणते योजनेचे, याची शपथपत्रावर माहिती मागणे हे धनकोच्या वकिलाचे पहिले काम ठरते.

एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढण्याचे निर्देश दिले. २०२५ मध्ये देशभरातून आकडे मागवले, तेव्हा सुमारे ८ लाख ८२ हजार दरखास्ती प्रलंबित निघाल्या. सर्वाधिक, सुमारे ३ लाख ४१ हजार, मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत होत्या. त्यात खासगी वादही आले, पण महाराष्ट्राने हा आकडा लाजेनेच वाचायला हवा.

एवढ्या वर्षांत धनकोचे हत्यार धारदार झाले, मात्र पैसे देण्याची शिस्त आली नाही. प्रत्येक पालिकेने अंदाजपत्रकात न्यायालयीन देण्यांचे स्वतंत्र लेखाशीर्ष ठेवावे. कोणती डिक्री किती वर्षांची आणि तिच्यावर रोज किती व्याज चढते, हे सर्वसाधारण सभेपुढे दरवर्षी यावे. अपील करायचे की पैसे भरायचे, हा निर्णय त्या आकड्याकडे पाहूनच घ्यावा. ज्याची जमीन घेऊन आपण रस्ता केला, त्याला त्याच्या हक्काचे पैसे बेलिफ न पाठवता मिळाले पाहिजेत. कारण कायदा पाळायला सांगणारी संस्थाच निकाल पाळत नसेल, तर घरपट्टी थकवणाऱ्याला नोटीस धाडण्याचा नैतिक अधिकार तिच्याकडे उरत नाही.