परक्या शहरात राहताना

इटली देशाच्या ईशान्य टोकाला, एड्रियाटिक समुद्राच्या काठी त्रिएस्ते नावाचे शहर आहे. त्याची लोकसंख्या सुमारे दोन लाख. नागपूरच्या मानाने हे शहर बरेच लहान. तरीही जगातील अनेक देशांचे लोक तेथे काही महिने किंवा काही वर्षे राहतात. त्यांत महाराष्ट्रातील माणसेही आहेत. दूरच्या शहरात राहायला गेलेल्या माणसाला काय काय शिकावे लागते, ते या पाठात पाहू.

त्रिएस्ते हे जुने बंदर आहे. पूर्वी ते ऑस्ट्रियाच्या राज्यात होते. १७१९ साली ते मुक्त बंदर झाले, म्हणजे व्यापाऱ्यांना जकातीत सवलत मिळाली. मग ग्रीक, सर्ब, ज्यू असे निरनिराळे लोक व्यापारासाठी तेथे येऊन राहिले. त्यांनी बांधलेली प्रार्थनास्थळे आजही शहरात उभी आहेत. पहिल्या महायुद्धानंतर हे शहर इटलीकडे आले. जवळच स्लोव्हेनिया देशाची सीमा असल्यामुळे तेथे इटालियनबरोबर स्लोव्हेनियन भाषाही ऐकू येते. परका माणूस या शहराला नवा नाही.

आज तेथे इतके परदेशी लोक का येतात? याचे एक मोठे कारण म्हणजे शास्त्रज्ञ अब्दुस सलाम. केंब्रिजला शिक्षण घेऊन ते १९५१ साली लाहोरला परतले आणि महाविद्यालयात शिकवू लागले. पण पदार्थविज्ञानातील नव्या संशोधनाविषयी बोलायला तेथे कोणी सोबती नव्हते. हा एकटेपणा सहन न होऊन १९५४ साली ते पुन्हा केंब्रिजला गेले. मायदेश किंवा विज्ञान, यांपैकी एक सोडण्याची वेळ दुसऱ्या कोणावर येऊ नये, असे त्यांना वाटे. म्हणून १९६४ साली त्यांनी त्रिएस्तेत सैद्धांतिक भौतिकीचे आंतरराष्ट्रीय केंद्र स्थापन केले. गरीब देशांतील शास्त्रज्ञांनी येथे यावे, काही काळ काम करावे आणि नवे ज्ञान घेऊन आपल्या देशात परतावे, अशी योजना त्यांनी केली. १९७९ साली सलाम यांना दोन शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले. १९९६ साली ते वारले. पुढच्याच वर्षी केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. कोल्हापुरात जन्मलेले शास्त्रज्ञ अतीश दाभोलकर २०१९ साली याच केंद्राचे संचालक झाले.

समजा, तुम्हांला त्रिएस्तेत राहायला जायचे आहे. पहिली गोष्ट म्हणजे कागदपत्रे. भारतासारख्या देशातून दीर्घ मुदतीसाठी गेलेल्या माणसाला, इटलीत पोहोचल्यावर कामकाजाच्या आठ दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. बहुतेक अर्ज टपाल कार्यालयात दिले जातात. मग पोलीस कचेरीत बोटांचे ठसे घेतात.

दुसरा कागद करसंकेतांकाचा. घर भाड्याने घेताना किंवा बँकेत खाते उघडताना तो मागतात. या संकेतांकात सोळा अक्षरे व अंक असतात. त्यांत आडनावाची तीन अक्षरे, नावाची तीन, जन्मवर्षाचे दोन अंक, महिन्याचे एक अक्षर, जन्मदिवसाचे दोन अंक, जन्मस्थळाची चार चिन्हे आणि शेवटी तपासणीचे एक अक्षर असते. यातही एक गंमत आहे. मुलीच्या जन्मदिवसात चाळीस मिळवतात. पाच तारखेला जन्मलेल्या मुलाचे अंक ०५, तर मुलीचे ४५!

दुसरी गोष्ट म्हणजे हवा. त्रिएस्तेत 'बोरा' नावाचा थंड वारा वाहतो. त्याचे झोत कधी कधी ताशी शंभर किलोमीटरपेक्षाही वेगवान असतात. पूर्वी लोकांना धरून चालता यावे म्हणून रस्त्याच्या कडेने दोर बांधत. हे शहर विषुववृत्तापासून आपल्यापेक्षा बरेच दूर आहे. म्हणून तेथे जूनमधील दिवस साडेपंधरा तासांहून मोठा असतो आणि डिसेंबरमधील दिवस नऊ तासांचाही नसतो. रमजान जूनमध्ये आला तर तेथील रोजा वर्ध्याच्या रोजापेक्षा किती लांब होईल, याचा विचार करा.

तिसरी गोष्ट भाषा. पुस्तकातली इटालियन शिकून गेलेला माणूसही त्रिएस्तेत अडखळतो. साध्या कॉफीचेच पाहा. तेथे काळ्या कॉफीला 'नेरो' म्हणतात आणि थोडे दूध घातलेल्या कॉफीला 'कापो'. इटलीच्या इतर शहरांत ही नावे चालत नाहीत. हा अनुभव तुम्हांला अनोळखी नाही. घरी आपण उर्दू बोलतो, पुस्तकात 'मला' वाचतो आणि वर्ध्याच्या बाजारात 'मले' ऐकतो. भाजीवालीशी 'मले' म्हणून बोललो की तीही मोकळेपणाने बोलू लागते. पुस्तकातील भाषेने अर्ज लिहिता येतो, तर गावच्या बोलीने शेजारी मिळतो. परक्या शहरात दोन्ही लागतात.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. ती म्हणजे सोबत. परवाना कचेरीत मिळतो, भाषा अभ्यासाने येते. पण आपले म्हणणे ऐकणारा माणूस सहज मिळत नाही. सलाम यांना ही उणीव आपल्याच देशात भासली होती. स्वतः एकटेपण सोसलेल्या या माणसाने इतरांसाठी सोबतीची जागा उभी केली, हे त्यांच्या कामाचे मोठेपण आहे.

आपल्या जिल्ह्यातही असा एक पाहुणा येऊन गेला. दक्षिण इटलीत जन्मलेले लांझा देल वास्तो १९३७ साली गांधीजींना भेटायला वर्ध्याला आले आणि त्यांच्याजवळ काही काळ राहिले. गांधीजींनी त्यांना 'शांतिदास' असे नाव दिले. नवे नाव देणे म्हणजे परक्याला आपल्यात जागा देणे. आजही सेवाग्रामला शिकायला किंवा काम करायला दूरदूरची माणसे येतात. त्यांच्यासाठी वर्धा हेच परके शहर असते. असे कोणी तुमच्या शेजारी राहायला आले, तर त्यांची भाषा येत नाही म्हणून थांबू नका. आधी त्यांचे नाव विचारा.