काडी ओढण्यापूर्वी : एका दूरच्या रानाची हकीकत



फड खाली होऊ लागले की गट कार्यालयात दर वर्षी एकच प्रश्न येतो, "साहेब, पाचटाचं काय करू? काडी लावली की रान मोकळं!" आम्ही नेहमीचे उत्तर देतो, सभासद नेहमीप्रमाणे मान डोलावतात, आणि दिवस कलला की शिवारात धुराचे लोट दिसतात. म्हणून यंदा उत्तर जरा लांबून देण्याचे योजिले आहे. थेट दक्षिण आफ्रिकेतून.

त्या देशात क्रुगर नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. स्थापना १९२६ सालची. क्षेत्र १९ हजार चौरस किलोमीटरहून अधिक, म्हणजे आपल्या राज्यातील सर्वांत मोठ्या अहिल्यानगर जिल्ह्याहूनही मोठे. उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यापुढे कारंजे आणि बाकडी येतात. हे तसे नव्हे. कंबरभर गवत, मधून मधून मरुला, मोपाने व बाभळीच्या कुळातील काटेरी झाडे, आणि त्यात हत्ती, सिंह, झेब्रे. अशा रानाला सवाना म्हणतात. या उद्यानाच्या दक्षिणेला क्रोकोडाइल नदी आहे, आणि नदीच्या पलीकडच्या काठाला, मालेलेन भागात, चक्क उसाची शेती आणि साखर कारखाना आहे. तेव्हा हे रान आपल्याला अगदीच परके नाही.

धोरण बदलत गेले

तिकडचा पावसाळा साधारण ऑक्टोबर ते मार्च. पुढे गवत वाळते, आणि जुलै-ऑगस्टपासून पहिला पाऊस पडेपर्यंत वणव्याचे दिवस. त्या भूमीत माणूस हजारो वर्षे गवत पेटवीत आला आहे आणि वीज तर त्याहून जुनी. उद्यान झाले तेव्हा मात्र प्रश्न पडला की आग लागू द्यावी की विझवावी?

१९४८ पासून काही वर्षे आग शक्यतो होऊच द्यायची नाही असे धोरण होते. जाळरेषा काढल्या, रस्ते आखले. पण न चरलेले, न जळलेले जुने गवत साचत गेले. नव्या फुटव्याला ऊन मिळेना, आणि जेव्हा आग लागे तेव्हा ती आवरेना. मग १९५७ पासून दुसरे टोक गाठले. सगळ्या उद्यानाचे चारशेहून अधिक गट पाडले आणि दर तीन वर्षांनी, पहिल्या पावसानंतर, पाळीपाळीने पेटवायचे ठरविले. आपल्या पाणीपाळीसारखेच म्हणा ना! पुढे ध्यानात आले की पाऊस काही तीन वर्षांचे कॅलेंडर पाहून पडत नाही. दुष्काळी सालात गवतच नसते, तर सुकाळात ते छातीला लागते. तेव्हा पाळीत सवलत आली.

१९९२ साली तिसरा विचार पुढे आला : विजेने लागलेली आग जळू द्यावी, माणसाने लावलेली विझवावी. कागदावर हे सुरेख होते. प्रत्यक्षात दहा वर्षांत जे क्षेत्र जळाले त्यातले बहुतेक माणसांच्या आगींनीच जळाले. मोझांबिकमधून पायी येणारे लोक, शिकारचोर, शेजारची गावे, कोणाकोणाला आवरणार? शेवटी २००२ पासून मध्यम मार्ग निघाला. पाऊस किती झाला, गवत किती साठले हे आधी पाहायचे. त्यावरून त्या साली किती क्षेत्र जाळायचे ते ठरवायचे. आणि वनरक्षकांनी कोरडा हंगाम सुरू होतानाच, गवत पुरते वाळण्यापूर्वी, ठिकठिकाणी पेटवून तुकड्या तुकड्यांनी जाळायचे. जळालेला तुकडा पुढच्या मोठ्या वणव्याला बांध ठरतो.

या सगळ्या वर्षांच्या नोंदी जेव्हा तपासल्या तेव्हा मोठी मासलेवाईक गोष्ट निघाली. धोरण कोणतेही असो, किती क्षेत्र जळाले हे मुख्यत्वे आधीच्या एक-दोन सालांच्या पावसावर, म्हणजे साठलेल्या गवतावर, अवलंबून होते. आग किती फिरणार हे साहेबाच्या परिपत्रकाने ठरत नाही, जळणाने ठरते.

सत्तर वर्षांचे प्रयोगाचे तुकडे

हे कळले कशावरून? १९५४ साली त्यांनी चार प्रकारच्या रानांत सुमारे सात-सात हेक्टरांचे तुकडे आखले. काही दर वर्षी पेटवायचे, काही दोन वर्षांनी, काही तीन वर्षांनी, महिनेही वेगवेगळे, आणि काही तुकडे कधीच पेटवायचे नाहीत. अधिकारी बदलले, राजवट बदलली, प्रयोग चालूच राहिला.

त्यात दिसले ते असे. आगीने झाडे मरतात असे आपण समजतो, पण तिथे बहुतेक झाडे बुडातून पुन्हा फुटतात, अगदी खोडव्यासारखी. चाळीस वर्षांनंतर झाडांची संख्या फारशी बदलली नव्हती. बदलली होती उंची. वारंवार जळणाऱ्या तुकड्यात झाड ज्वाळेच्या वर डोके काढूच शकत नाही. मोठ्या झाडाला आग सहसा मारीत नाही, पण हत्तीने साल सोलली की पुढच्या वणव्यात आग त्या जखमेतून आत शिरते.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. वाऱ्याबरोबर धावणारी आग उंच असते आणि झाडाला भाजते. वाऱ्याविरुद्ध सरकणारी आग ठेंगणी, पण जमिनीलगत जास्त वेळ रेंगाळते आणि गवताच्या बुडातले डोळे मारते. तिसरी गोष्ट जळणाची. हेक्टरी दोनेक टनांपेक्षा गवत कमी असेल तर आग नीट पसरतच नाही. आता आपला हिशोब करा. तोडणीनंतर आपल्या रानात हेक्टरी आठ ते दहा टन पाचट पडलेले असते. वणव्याच्या देशाला जेवढ्याने धास्ती वाटते, त्याच्या चौपट-पाचपट जळण आपण दुपारच्या उन्हात एका काडीवर सोपवतो!

सप्टेंबर २००१

जाणत्या माणसांच्या हातूनही आग सुटते. सप्टेंबर २००१ मध्ये उद्यानाच्या प्रेटोरिअसकोप भागात वणवा भडकला आणि छपरासाठी गवत कापायला आलेल्या बाया व उद्यानाचे कर्मचारी मिळून वीसहून अधिक माणसे गेली. ही हकीकत वाचली तेव्हा आमच्या डोळ्यापुढे आपल्या टोळ्या आल्या. कोप्या फडाच्या कडेला, पोरे पाचटावर निजलेली.

आपल्या बांधावर

एक कबुली द्यायला हवी. नोकरीच्या सुरुवातीला आम्हीही सांगत होतो की पाचट पेटवा, कीड मरते, फुटवा एकसारखा येतो. तसेच शिकून आलो होतो. मागे आमच्याच गटात एका सभासदाने दुपारी पाचट पेटविले, वारा फिरला, आणि बांधापलीकडे चुलतभावाचा तोडीची वाट पाहणारा ऊस पेटला. टोळी रात्रीत आणून ऊस गाळपाला घातला, पण वजन गेले ते गेले. दोन्ही घरांचे बोलणे अजून बंद आहे. त्या दिवसापासून आमचा सल्ला बदलला.

"मग साहेब, तिथे जाळतात आणि आम्हाला का नको?" रास्त प्रश्न आहे. सवानाचे गवत आगीबरोबर वाढलेले आहे; जुने गवत जळाल्याशिवाय वा चरल्याशिवाय तिथे नवे येत नाही. आपला खोडवा तसा नाही. पाचट जाळले की त्यातील नत्र व सेंद्रिय कर्ब बहुतेक धुरावाटे जातो, राखेत थोडे पालाश उरते इतकेच. याचाही पुरावा त्याच देशात आहे. माउंट एजकोम्ब येथे १९३९ पासून एकाच शेतात जाळलेले आणि आच्छादलेले पाचट यांची तुलना चालू आहे. पाचट राखलेल्या तुकड्यांत उत्पादन सरस आले, विशेषतः पाण्याच्या ताणाच्या सालांत, आणि मातीतील सेंद्रिय अंशही टिकला.

तेव्हा यंदा एवढे करावे. तोडणी होताच बुडखे जमिनीलगत छाटावेत. पाचट सरीत दाबून त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. ज्यांना भरवसा नाही त्यांनी क्रुगरवाल्यांसारखे करावे : निम्म्या रानात पाचट ठेवा, निम्म्यात ते काढून बाहेर न्या, आणि दोन्हींचे वजन काट्यावर वेगळे घ्या. नोंद आम्ही येऊन करू. आमच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका, काट्यावर ठेवा.

आणि शेजाऱ्याचा ऊस उभा असेल तोवर काडीपेटी खिशातच असू द्या.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी