बारडोलीचा वकील

बारडोली म्हटले की सरदार आणि सत्याग्रह आठवतो. १९२८ च्या त्या लढ्यानंतर बसलेल्या चौकशीची आठवण मात्र कोणी काढीत नाही. मला तीच अधिक मोलाची वाटते.

बारडोली तालुका आपल्या गायकवाडी नवसारी प्रांताच्या शिवेला लागलेला, पण अंमल इंग्रजांचा. तेथे सरकारने सारा २२ टक्क्यांनी चढवला. दाद मागावी कोठे? १८७६ च्या कायद्याने साऱ्याच्या आकारणीपुरती दिवाणी कोर्टाची दारे बंद केली होती. ज्याने आकार बसवला, त्याच्याच दारी अर्ज घेऊन उभे राहायचे!

रयतेने सारा रोखला, जप्त्या सोसल्या, आणि अखेर चौकशी पदरात पाडली. तीत वकिलामार्फत पुरावा मांडण्याची व सरकारी पुरावा तपासण्याची मुभा होती. समितीत ब्रूमफील्ड व मॅक्सवेल. १९२२ साली अहमदाबादेस गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे ते हेच ब्रूमफील्ड! रयतेच्या बाजूने मुंबईचे भुलाभाई देसाई उभे राहिले. महादेवभाई आणि नरहरि परीख यांनी माहिती गोळा करण्याचे किचकट काम अंगावर घेतले. सरकारचा सारा डोलारा खंडाच्या आकड्यांवर उभा होता. ते आकडेच भरवशाचे नव्हते, असे निघाले. २२ चे जेमतेम ६ टक्के झाले.

पण त्याच शेतांत राबणारा हाळी? लग्नासाठी कर्ज काढावे आणि धन्याच्या घरी जन्मभर राबून फेडावे, हे दुबळा जमातीच्या नशिबी होते. त्याच्या नावावर जमीन नाही, म्हणून सारा नाही. सारा नाही, म्हणून चौकशीत त्याला जागा नाही. वेठबिगारी कायद्याने संपली ती १९७६ साली. त्याच वर्षी घटनेत मोफत कायदेशीर साहाय्याचे कलम आले. आपल्याच गुजरातेत न्यायमूर्ती भगवतींच्या समितीने त्याची वाट १९७१ मध्येच आखून दिली होती. १९८७ चा कायदा अमलात यायला मात्र नोव्हेंबर १९९५ उजाडला.

त्या कायद्याने हळपती म्हणवणाऱ्या या आदिवासींना मिळकत न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. लिहिता येत नसेल, तर अर्ज तेथेच लिहून घेतात. कोणाही स्त्रीला हाच हक्क आहे. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंना मी सहज विचारले. त्यांच्या हे कानावरही आलेले नव्हते.