दिल्ली-आग्रा सहलीला निघताय? हॉटेलच्या आधी वार ठरवा!

आजी-आजोबा आणि मुलांना घेऊन शुक्रवारी आग्रा गाठलं आणि ताजमहाल बंद! आठवडाभराच्या सहलीत अशी चूक महागात पडते. ती टाळायची कशी?

कधी काय बंद?
ताजमहाल शुक्रवारी, तर लाल किल्ला आणि राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी पर्यटकांसाठी बंद असतं. कुतुबमिनार, हुमायूनची कबर आणि आग्र्याचा किल्ला मात्र रोज पाहता येतो.

सात दिवस असे लावा
शनिवार: दिल्लीत पोहोचून विश्रांती.
रविवार: लाल किल्ला, इंडिया गेट.
सोमवार: कुतुबमिनार, हुमायूनची कबर.
मंगळवार: राष्ट्रीय संग्रहालय. ज्येष्ठांसाठी संध्याकाळ मोकळी ठेवा.
बुधवार: सकाळी गतिमान एक्स्प्रेसने पावणेदोन तासांत आग्रा. दुपारी किल्ला. १६६६ मध्ये शिवाजी महाराज औरंगजेबाच्या दरबारात गेले, ते याच शहरात.
गुरुवार: सूर्योदयाला ताजमहाल. गर्दी आणि ऊन, दोन्ही कमी.
शुक्रवार: परतीचा प्रवास. या दिवशी गतिमान धावत नाही, त्यामुळे दुसरी गाडी बघा.

तिकिटांचं काय?
रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. सुट्टीच्या हंगामात परतीचं तिकीटही त्याच वेळी काढा. ताजमहालसह पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांमध्ये १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत आहे. वयाचा पुरावा सोबत असू द्या.