पांढऱ्या पट्ट्यामागचे वय

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी आपली मॉरिस मायनर गाडी आम्हांस मोठ्या हौसेने दाखविली. वडिलांनी पोर्तुगीज अमदानीत घेतलेली ही गाडी त्यांनी नव्याने रंगवून, आसने बदलून, क्रोमचे भाग चकचकीत करवून चालती केली होती आणि चारही चाकांना शुभ्र पट्ट्यांचे रेडियल टायर बसविले होते. “टायर अगदी नवे आहेत, घालून दोनच वर्षे झाली,” असे ते म्हणाले. टायरच्या कडेवर उठावाच्या अक्षरांची जी ओळ असते, तिच्या शेवटचे चार अंक आम्ही वाकून वाचले. ते ३४१२ असे होते. याचा अर्थ, टायर सन २०१२ च्या चौतिसाव्या आठवड्यात जन्मलेला. गृहस्थ खोटे बोलत नव्हते. त्यांच्या गाडीला टायर लागून खरोखरच दोन वर्षे झाली होती. त्याआधीची सारी वर्षे तो कोणाच्या तरी गुदामात पडून होता आणि विकणाऱ्याने ते सांगण्याची तसदी घेतली नव्हती. पुढे म्हापशाच्या वाटेवरील एका पंक्चरवाल्याने त्यांतला एक टायर रिमवरून उतरविला, आतून बोटांनी दाबून पाहिला आणि मान हलविली. “पात्रांव, हो टायर न्हय, पापड जाला,” एवढेच तो म्हणाला.

मूठभर हौशी मंडळींच्या या विषयाला अग्रलेखाची जागा कशाला, असे काही वाचकांस वाटेल. परंतु गोव्यात जुनी मोटारगाडी ही निव्वळ श्रीमंतांची चैन कधीच नव्हती. पन्नाशीच्या दशकात खनिजाच्या निर्यातीतून पैसा आला, आयातीवर बंधन फारसे नव्हते, आणि त्या काळात भारतातील मोठ्या शहरांतही विरळा दिसणाऱ्या विदेशी गाड्या आमच्या लहानसहान गावांतून धावू लागल्या. मर्सिडीजच्या टॅक्सीतून बाजारहाट केलेली माणसे आजही आपल्याला भेटतात. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, भारताचे आयात-नियंत्रण येथेही लागू झाले आणि सुटे भाग दुर्मिळ झाले. तरीही अनेक घरांनी या गाड्या टाकून दिल्या नाहीत. मिळेल तो टायर, रिमोल्ड केलेला का असेना, घालून त्या जगविल्या. आज त्याच गाड्या फुलांनी सजून नवरा-नवरीला घेऊन जातात, रविवारी घरच्या मुलाबाळांना समुद्रावर नेतात, पणजीच्या फेऱ्यांत मिरवितात. ज्या रस्त्यावरून त्या जातात, तो रस्ता सर्वांचाच आहे.

टायरचा पांढरा पट्टा ही नंतर सुचलेली शोभा आहे असा सर्वसाधारण समज दिसतो. वस्तुस्थिती उलट आहे. सुरुवातीचा टायर नैसर्गिक रबरात जस्ताचे भस्म मिसळून होत असे आणि तो सबंधच फिकट, पांढुरका असे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यात काजळी मिसळण्याचा प्रघात पडला, कारण काजळीने रबराला अनेकपट बळकटी येते, झीज कमी होते आणि उन्हाचा मारा सोसण्याची शक्ती वाढते. तेव्हापासून टायर काळा झाला. रस्त्याला घासणारा भाग काळा आणि कड तेवढी पांढरी, अशी मधली अवस्था आली व तीच पुढे ऐटीची खूण ठरली. पन्नाशीच्या दशकातील अमेरिकन गाड्यांवर हा पट्टा अडीच-तीन इंच रुंद असे. साठीच्या आरंभी तो आक्रसून इंचभर उरला आणि पुढे फॅशनमधून गेला.

आजच्या पांढऱ्या पट्ट्यात काजळीऐवजी टायटॅनियमचे पांढरे भस्म असते. त्याच्या शेजारच्या काळ्या रबरात तेले आणि रबर म्हातारे होऊ नये म्हणून घातलेली रसायने असतात. ती हळूहळू पाझरत पांढऱ्यात शिरतात आणि पट्टा पिवळट-तपकिरी करतात. चांगला कारखानदार या दोहोंच्या मध्ये डाग न सोडणाऱ्या रबराचा एक थर घालतो. पट्टा पिवळा पडला की मालक अस्वस्थ होतो आणि मग पेट्रोल, रॉकेल, काचकागद, प्रसंगी चक्क पांढरा तेलरंग, असे उपाय सुरू होतात. पेट्रोल-रॉकेलाने रबर फुगते आणि त्याच्या अंगावरचे संरक्षक मेण निघून जाते. तेलरंगाखाली भेगा झाकल्या जातात. लग्नाच्या हंगामात रंग दिलेला टायर दिसला, तर तो नेमके काय झाकतो आहे हे विचारण्याचा हक्क त्या गाडीत बसणाऱ्या नवऱ्या मुलीच्या बापास आहे, असे आम्हांस वाटते.

आता रेडियलविषयी. आपले चालक ज्याला ‘नायलॉन’ म्हणतात त्या जुन्या धाटणीच्या टायरमध्ये दोऱ्यांचे थर एकमेकांस तिरपे छेदत जातात. रेडियलमध्ये दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवे, सरळ जातात आणि वरच्या घासणाऱ्या भागाखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने १९४६ साली याचे पेटंट घेतले आणि १९४९ पासून ‘एक्स’ या नावाने तो बाजारात आणला. अमेरिका मात्र बराच काळ जुन्या टायरला चिकटून राहिली. १९७० साली लिंकन कॉन्टिनेंटल मार्क तीन या गाडीवर तो मूळचाच बसून येऊ लागला, तेव्हा तिकडे वारे फिरले. भारतात जे. के. टायरने १९७७ साली रेडियल आणला.

या तारखा शेजारी ठेवल्या की एक गंमत ध्यानी येते. १९५५ ची शेव्हरले बेल एअर कारखान्यातून निघाली ती ६.७०-१५ मापाच्या तिरप्या दोऱ्यांच्या टायरवर. आज त्याच गाडीला २०५/७५ आर १५ मापाचा, तीन इंची पांढऱ्या पट्ट्याचा रेडियल बसवितात. असा रुंद पट्टा आणि असा टायर यांचा संसार तिच्या काळी अमेरिकेत कोणी पाहिलेला नव्हता. तो आजच्या हौशी मंडळींनी जुळविलेला आहे. अर्थात जुळविलेला संसार सुखाचा होऊ नये असे नाही. रेडियल कमी तापतो, कमी झिजतो, रस्त्यातील चरांच्या मागे गाडी ओढून नेत नाही, आणि आमच्या जुलै महिन्यात सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ओल्या डांबरावर अधिक घट्ट बसतो. जी जुनी गाडी खरोखर रस्त्यावर चालवायची आहे, तिला सुस्थितीतील रेडियलच घालावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. केवळ प्रदर्शनात उभी राहणाऱ्या गाडीची गोष्ट निराळी.

हा टायर विश्वासार्ह आहे की नाही, हा प्रश्न तो बनतो कसा येथपर्यंत जातो. अमेरिकेत टेनेसी राज्यातील चॅटनूगा येथील कोकर आणि दक्षिण कॅरोलिनातील डायमंड बॅक ही या धंद्यातील जाणती नावे. एका पद्धतीत टायर घडवितानाच कडेत पांढऱ्या रबराचा थर घालतात, त्यावर पातळ काळी साल ठेवतात आणि शेवटी ती साल घासून पट्टा उघडा करतात. दुसऱ्या पद्धतीत तयार काळा टायर घेऊन त्याची कड घासतात व तिच्यावर पांढरे रबर भट्टीत पक्के जोडतात. काम नीट झाले तर दोन्ही टायर चालतात. मात्र दुसऱ्या प्रकारात कडेवरची तारीख काळ्या टायरची असते, पट्टा केव्हा चढला ते ती सांगत नाही. तिसरा मार्ग स्वस्ताईचा. टायर आणि रिम यांच्या मध्ये पांढऱ्या रबराचे सैल कडे अडकवून द्यायचे. ताठ कडेच्या नायलॉन टायरवर हे कसेबसे निभावे. रेडियलची कड चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास वाकते, कड्याखाली वाळू आणि पाणी शिरते, आणि वाळूने लाकूड घासावे तशी टायरची कड आतल्या आत घासली जाते. बाहेरून पट्टा मात्र शुभ्र. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हे कडे विकत घेऊ नये.

पोलादी पट्ट्याचा टायर दगा देतो तो कसा, याचा धडा अमेरिकेने १९७८ साली घेतला. फायरस्टोनच्या ‘५००’ नावाच्या रेडियलचा वरचा थर खालच्या पट्ट्यांपासून सुटू लागला, अपघात झाले, माणसे दगावली, आणि अखेर सुमारे १ कोटी ४५ लाख टायर परत बोलाविण्याची वेळ कंपनीवर आली. पोलादी तार रबराला आपण होऊन चिकटत नाही. तिला पितळेचा मुलामा देतात आणि त्या मुलाम्याशी रबरातील गंधकाचा संयोग होऊन जोड पक्का होतो. त्या जोडापर्यंत ओल पोहोचली, किंवा रबर वयाने कडक झाले, की तो सुटू लागतो. हे सारे आत घडते. वरची नक्षी शाबूत असते. एखादा फुगवटा, ठरावीक वेगाला येणारी थरथर, एवढीच काय ती पूर्वसूचना. कित्येकदा तीही मिळत नाही.

येथेच जुन्या गाडीचे दुर्दैव आहे. रोज धावणाऱ्या गाडीचा टायर झिजून मरतो. वर्षाकाठी चार-पाचशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा टायर वयाने मरतो आणि मरताना नवा दिसतो. रबरात घातलेले मेण टायर चालता-वाकताना पृष्ठभागावर येते आणि हवेतील ओझोनपासून त्याचे रक्षण करते. चार महिने ताडपत्रीखाली एकाच जागी उभ्या असलेल्या गाडीला ते भाग्य नाही. त्यात आमची खारी, दमट हवा आणि एप्रिल-मेचे ऊन. मिशेलिन कंपनी पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करून घ्यावी आणि दहाव्या वर्षी, नक्षी कितीही शिल्लक असो, टायर काढून टाकावा असे सांगते. आमच्या हवेत दहाची वाट न पाहता सातव्या-आठव्या वर्षीच तो काढलेला बरा, हे आमचे मत. ते कोणावर बंधनकारक नाही.

बंधनकारक आहे तो कायदा. त्याचे लक्ष मात्र दुसरीकडे आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मोटारगाडीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी असे ठरविले आहे. आमच्या स्नेह्यांचा तो टायर या कसोटीस दिमाखाने उतरला असता. ब्रिटनने २०२१ च्या फेब्रुवारीपासून दहा वर्षांहून जुने टायर मालमोटारी व बसगाड्यांच्या पुढच्या चाकांना लावण्यास मनाई केली; म्हणजे वय हीही कायद्याने मोजण्याजोगी गोष्ट आहे, हे एका सरकारास पटले. आमच्या केंद्र सरकारने त्याच वर्षी जुलै महिन्यात पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम काढले, वीस हजार रुपये शुल्क ठरविले, सांगाडा, कवच व इंजिन मूळचे असावे असा आग्रह धरला. या नियमांच्या निमित्ताने टायरच्या तारखेसाठी एक ओळ लिहिता आली असती. दुसरीकडे २०२० च्या जूनमध्ये टायरची आयात प्रतिबंधित यादीत गेली. देशी कारखान्यांच्या दृष्टीने त्याची कारणे असतील. उसगावच्या टायर कारखान्यावर आमच्याही कित्येक घरांच्या चुली पेटतात. परंतु वर्षाला शे-दोनशे नगही खपणार नाहीत असा रुंद पट्ट्याचा टायर कोणता मोठा कारखाना काढणार? वाट अरुंद झाली की गुदामातल्या जुन्या मालाला भाव येतो. हौशी वापरासाठी, वाहनामागे मोजून पाच टायर, तारखेच्या अटीसह आणू देण्याने कोणत्याही कारखान्याचे काही बिघडणार नाही.

गाडीमालकांनी स्वतः पाहावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. जुनी रिम नायलॉन टायरसाठी घडलेली असते. रेडियल तिच्यावर वेगळ्या रीतीने ताण देतो, म्हणून गंज, चीर, सैल रिव्हेट तपासल्यावाचून तो चढवू नये. कप वारंवार निसटू लागले तर रिम वाकते आहे असे समजावे. ट्यूब घालायचीच तर रेडियलसाठीची घालावी. पुढे रेडियल आणि मागे नायलॉन अशी मिसळ तर प्राणघातक, कारण ओल्या वळणावर गाडीची शेपटी सुटते. रेडियलची कड खाली जराशी फुगलेली दिसते, म्हणून पंक्चरवाला हवा वाढवू पाहतो; त्याला मापक लावून दाखवावे. पट्टा धुण्यास साधा साबण व मऊ ब्रश पुरतो. आणि विकत घेतेवेळी, पैसे देण्याआधी, ते चार अंक वाचावे. तीनच अंक असतील तर टायर सन २००० च्या पूर्वीचा आहे.

आमच्या स्नेह्यांनी मायनर सध्या लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवली आहे. नवे टायर कोठून आणि केव्हा येतील, त्यांना ठाऊक नाही. मुलीचे लग्न मात्र डिसेंबरात आहे आणि तिचा हट्ट आजोबांच्या गाडीचाच आहे. “निदान स्टेपनी तरी चांगली आहे, ती कधी वापरलीच नाही,” असे म्हणत त्यांनी परवा डिकी उघडून दाखविली. पट्टा दुधासारखा पांढरा होता. कडेवर अंक तीनच होते.