गोमंतकीय समाज : बहिर्गमन व आगंतुकांविषयीचा दृष्टिकोन

ज्या समाजातील माणसे चरितार्थासाठी मोठ्या संख्येने बाहेर जातात, त्या समाजाचा बाहेरून येणाऱ्या श्रमिकांकडे पाहण्याचा दृष्टिकोन कसा असतो, हा स्थलांतराच्या समाजशास्त्रीय अभ्यासातील एक महत्त्वाचा प्रश्न होय. परकेपण स्वतः अनुभवलेला समाज दुसऱ्या परक्यास समजून घेईल, ही अपेक्षा स्वाभाविक असली, तरी ती सर्वत्र खरी ठरत नाही. भारतात गोवा हे याचे ठळक उदाहरण आहे.

गोव्यातून होणारे बहिर्गमन जुने आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धर्मविषयक धोरणामुळे व १५६० मध्ये स्थापन झालेल्या इन्क्विझिशनच्या धाकाने अनेक कुटुंबे कारवार, मंगळूर व कोचीनकडे गेली. पुढे अपुरी शेती आणि उद्योगांचा अभाव यांमुळे एकोणिसाव्या शतकापासून मुंबई हे गोमंतकीयांचे पोट भरण्याचे मुख्य ठिकाण बनले. आगबोटींवरील खलाशी (तारवटी), आचारी, वादक, आया व कारकून अशी कामे ख्रिस्ती गोमंतकीयांनी पतकरली. हिंदूंपैकी अनेक जण व्यापारात व नोकऱ्यांत शिरले, तर केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या कलावंतांनी हिंदुस्थानी संगीतात आपला ठसा उमटविला. धोबी तलाव, माझगाव इ. भागांत गावाच्या नावाने चालणारे ‘कूड’ होते. एका दालनात ओळीने मांडलेल्या पेट्या, भिंतीशी वेदी आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना असे त्यांचे स्वरूप असे. यांशिवाय पूर्व आफ्रिकेत झांझिबार, मोंबासा, नैरोबी येथे गोमंतकीयांच्या वसाहती झाल्या. केन्याच्या वसाहतकालीन जनगणनांत त्यांची नोंद इतर भारतीयांपासून वेगळी केली जाई व हे वेगळेपण त्यांनीही जपले. १९७२ मध्ये युगांडातून आशियाई लोकांची हकालपट्टी झाली, तीत गोमंतकीयही होते. सत्तरीच्या दशकापासून आखाती देश आणि अलीकडे पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधारे इंग्लंड (विशेषतः स्विंडन) हे या प्रवाहाचे पुढील टप्पे होत.

गाव सोडलेला माणूस गावचाच राहतो, ही धारणा येथे केवळ भावनेवर आधारलेली नाही; तिला संस्थेचा आधार आहे. गावच्या सामाईक जमिनीची मालकी असणाऱ्या गावकरी संस्थेचे (कोमुनिदाद) सदस्यत्व पुरुषवंशाने चालते. त्यासाठी गावात राहणे आवश्यक नसते. परिणामी नैरोबीत जन्मलेला गावकराचा मुलगा गावचा हक्कदार ठरतो, परंतु गावात पिढ्यान्‌पिढ्या राहून शेत कसणारे कूळ तसे ठरत नाही. अनुपस्थित तो आपला व उपस्थित तो परका, ही विभागणी परप्रांतीय मजूर येण्याच्या फार पूर्वीची आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढील घटनांचा उलगडा सुलभ होतो.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर प्रशासनात शेजारच्या राज्यांतून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांविषयी प्रथम नाराजी निर्माण झाली. महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या प्रश्नावर १६ जानेवारी १९६७ रोजी झालेल्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० व विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. विरोधी प्रचारात बाहेरच्यांचे लोंढे येण्याची भीती हा एक मुद्दा होता. खाणी, बांधकामे व पर्यटन वाढले तसे प्रथम उत्तर कर्नाटकातून आणि नंतर उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा येथून कामगार येऊ लागले. बायणा, झुआरीनगर, मोतीडोंगर येथे त्यांच्या दाट वस्त्या झाल्या. १९६१ मध्ये सु. ५.९ लक्ष असलेली गोव्याची लोकसंख्या २०११ मध्ये सु. १४.६ लक्षांवर पोहोचली. या वाढीत आगंतुकांचा वाटा मोठा आहे.

त्यांना उद्देशून ‘भायले’ व ‘घांटी’ हे शब्द वापरले जातात. दुसऱ्या शब्दाचा मूळ अर्थ केवळ घाटावरचा असा आहे. तथापि तो आता अवहेलनेनेच उच्चारला जातो व घाट ज्याने कधी पाहिलाही नाही, अशा बिहारी मजुरासही लावला जातो. तियात्रांतील गीतांतून ‘भायल्यां’वर टीका वारंवार आढळते. विशेष म्हणजे पहिले तियात्र १८९२ मध्ये मुंबईत, म्हणजे स्थलांतरितांच्याच वस्तीत सादर झाले होते.

या रोषामागील कारणे सर्वस्वी काल्पनिक नाहीत. सु. ३,७०२ चौ. किमी. क्षेत्राच्या राज्यात जमीन मर्यादित आहे. भाषा व मतदारसंघांचे स्वरूप बदलण्याची धास्तीही आहे. परंतु जमिनीच्या किंमती वाढविणारा दिल्ली-मुंबईचा धनिक खरेदीदार आणि झोपडीत राहणारा मजूर यांना एकाच शब्दात गोवले जाते व प्रत्यक्ष झळ दुसऱ्यासच अधिक बसते. शिवाय मजुराची मागणी बहिर्गमनातूनही निर्माण झाली आहे. आखातातून व जहाजांवरून आलेल्या पैशांवर उठणारी घरे तोच बांधतो. मच्छीमारी ट्रॉलरांवर तोच असतो. पूर्वी स्थानिक ख्रिस्ती कुटुंबांकडे असलेल्या पावाच्या भट्ट्यांवरही (पोदेर) आता बऱ्याच ठिकाणी बाहेरचे कामगार दिसतात.

कायद्याने मात्र ही विभागणी उलटी केली आहे. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळविता येते. ते स्वीकारताच भारतीय नागरिकत्व व मताधिकार संपतो. उलट मजुरास संविधानाच्या अनुच्छेद १९ नुसार कोठेही राहण्याचा हक्क आहे. पूर्वज डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात होते, त्यांनाच कायद्याने गोमंतकीय मानावे, अशी मागणी करणाऱ्या रेव्होल्यूशनरी गोअन्स पार्टीस २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत एक जागा मिळाली. लिस्बनचा नियम आणि ही मागणी, दोहोंची कालमर्यादा जवळजवळ एकच आहे.

दैनंदिन व्यवहारात मात्र संबंध इतके ताठर नाहीत. मजुरांची मुले कोकणी बोलू लागतात आणि अनेक शासकीय मराठी व कोकणी प्राथमिक शाळांचा पट आज बव्हंशी त्यांच्यावरच टिकून आहे.