काथवटीला तेल कोणतं?

संभाजीनगरात ओटा ग्रॅनाइटचा नाहीतर कडाप्प्याचा. लाकूड उरलंय ते काथवट, पोळपाट-लाटण्यात. मे महिन्यात इथला पारा ४० अंश ओलांडतो. धुतलेली काथवट उन्हात टाकली, की वरचा थर आधी आक्रसतो, आतला ओलाच राहतो आणि काठाला केसाएवढी चीर पडते. तिथं ज्वारीचं पीठ अडकून आंबतं. त्यापेक्षा पुसून सावलीत उभी ठेवावी.

वर्षातून दोनदा तेल. शेंगदाण्याचं सुकत नाही, खवट होतं. घाण्याचं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन लाकडातच घट्ट होतं. पातळ हात फिरवून जास्तीचं पुसावं, आठवडाभर वाळू द्यावं. (रंगाच्या दुकानातलं नको, त्यात बहुधा धातूचे क्षार असतात.) तेलकट फडकं पसरून वाळवा, चुरगळून टाकलेलं आपोआप पेटू शकतं.